जुन्या गाडीला झिंक ॲडिटिव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबेसेडर, जीप किंवा कास्ट आयर्न बुलेट सांभाळणाऱ्यांच्या गप्पांत ऑईलचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आजकालच्या ऑईलमध्ये झिंक राहिलं नाही, वरून बाटली घाल." हा सल्ला मूळचा अमेरिकेतला. तिथे तो बऱ्याच गाड्यांना लागू होता. इथे येईपर्यंत त्याच्या अटी वाटेत गळून पडल्या आणि फक्त बाटली उरली. म्हणून आधी त्या अटी समजून घेऊ.

झिंक ॲडिटिव्ह म्हणजे नेमकं काय असतं?

बाटलीवर झिंक लिहिलं असलं तरी आत जस्ताची पूड नसते. झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट नावाचं, तेलात पूर्ण विरघळणारं एक रसायन असतं. सगळे त्याला झेडडीडीपी म्हणतात. त्यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक तिन्ही आहेत. झीज रोखण्यात मोठा वाटा फॉस्फरसचा असतो, त्यामुळे तेलांचे नियम बघितले तर मर्यादा फॉस्फरसवर असते, जस्तावर नाही. तेलात जस्ताचं प्रमाण फॉस्फरसपेक्षा किंचित जास्त असतं, साधारण दहा टक्क्यांनी. एक आकडा कळला की दुसऱ्याचा अंदाज येतो.

हे रसायन इंजिन ऑईलमध्ये १९४०च्या दशकापासून आहे. सुरुवातीला ते घातलं गेलं ते बेअरिंगचा धातू गंजू नये आणि तेल लवकर जळकट होऊ नये म्हणून. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला फिरता दांडा) आणि टॅपिट (कॅमचा धक्का झेलून पुढे देणारा तुकडा) त्याच्यामुळे वाचतात हे नंतर लक्षात आलं आणि पुढे तोच त्याचा मुख्य उपयोग ठरला.

ते इंजिनात काम कसं करतं?

क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेलाचा दाब असतो. फिरता शाफ्ट तेलावर तरंगतो, धातू धातूला लागत नाही. तिथे झिंकला फारसं काम नाही. खरी मारामारी कॅम आणि टॅपिटमध्ये असते. कॅमचं टोक टॅपिटच्या तळावर घासत जातं, व्हॉल्व्हची स्प्रिंग वरून दाबत असते आणि तो सगळा भार एका छोट्याशा ठिपक्यावर येतो. एवढ्या दाबाखाली तेलाचा थर टिकत नाही.

नेमक्या त्याच जागी, उष्णता आणि घासणीमुळे, झेडडीडीपी फुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. पुढची घासणी हा थर सोसतो, थोडा झिजतो आणि तेलातून पुन्हा भरून निघतो. म्हणजे झेडडीडीपी खर्च होणारी वस्तू आहे. किलोमीटर वाढतील तसं ते तेलातून कमी होत जातं. ऑईल वेळेवर बदलण्याचं हे एक कारण आहे, आणि काळं पडण्यापेक्षा मोठं कारण आहे.

कोणत्या गाड्यांना याची काळजी करावी लागते?

वयापेक्षा टॅपिटचा प्रकार महत्त्वाचा. ज्या इंजिनात टॅपिटचा तळ सपाट असतो आणि कॅम त्यावर थेट घासतो, तिथे झिंक लागतं. जिथे रोलर आहे तिथे घासण्याऐवजी गडगडणं होतं, आणि गरज बरीच कमी होते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० या दोन्हींत १०८९ सीसीचं पुशरॉड इंजिन आहे: कॅम खाली ब्लॉकमध्ये, टॅपिट सपाट, आणि टॅपिटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारी दांडी म्हणजे पुशरॉड. अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटनच्या बीएमसी बी-सीरिजचं, तेही तसंच. (नंतरच्या इसुझू १.८ पेट्रोल अँबेसेडरमध्ये कॅम वर हेडमध्ये आहे, ती वेगळी गोष्ट.) विलीजच्या घराण्यातली पेट्रोल जीप, स्टँडर्ड हेराल्ड, जुन्या मॉरिस आणि ऑस्टिन ही सगळी सपाट टॅपिटवाली मंडळी.

नावाने 'सपाट' असलं तरी तो तळ बहुतेक इंजिनांत अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या टोकाला किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपिट वर-खाली होताना स्वतःभोवती हळूहळू फिरतं आणि झीज एका जागी साचत नाही. टॅपिट फिरायचं थांबलं की कॅम संपलाच म्हणून समजा, मग तेलात कितीही झिंक असो. या फिरण्याबद्दल खाली पुन्हा येईल.

तेलातलं झिंक कमी का केलं?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. इंजिन थोडंफार ऑईल जाळतंच. त्यातला फॉस्फरस सायलेन्सरकडे जातो आणि कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंवर लेप चढवतो. धूर शुद्ध करायची त्यांची ताकद मग घटत जाते. म्हणून अमेरिकी मानकांत फॉस्फरसची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली: १९९०च्या दशकात आधी ०.१२ टक्के, मग ०.१० टक्के आणि २००४ मध्ये एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या एसएम श्रेणीबरोबर ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम (दहा लाख भागांत ८०० भाग). त्याच वेळी ०.०६ टक्क्यांची किमान मर्यादाही घातली गेली, म्हणजे कुणी फॉस्फरस पार काढूनच टाकू नये.

आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ पासून. त्याआधीच्या गाडीत कन्व्हर्टर नाहीच, त्यामुळे फॉस्फरस कमी ठेवण्यात तिचा काही फायदा नाही.

म्हणजे आजच्या ऑईलमध्ये झिंक उरलंच नाही?

हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, ६०० ते ८०० पीपीएम म्हणजे शून्य नव्हे. १९५०च्या दशकात ही इंजिनं आखली गेली तेव्हाच्या तेलांत फॉस्फरस आजच्यापेक्षा कमीच असे. पुढे अमेरिकेत मोठी व्ही-८ इंजिनं, जास्त उचलणारे कॅम आणि कडक स्प्रिंगा आल्या, तेव्हा ते प्रमाण वाढवत नेलं गेलं. आपल्या पद्मिनीची किंवा अँबेसेडरची स्प्रिंग त्या मानाने मऊ आणि इंजिनाची धाव कमी. गरज त्या व्ही-८ इतकी कधी नव्हतीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ०.०८ टक्क्यांची ती कमाल मर्यादा इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडना (ग्रेड म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) लागू आहे: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०. जुन्या गाड्यांत आपण जे २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० टाकतो, त्यांच्यावर ही मर्यादा नाही. डब्यावर एसएन (एसएमच्या पुढची श्रेणी) लिहिलं असलं तरीही नाही. "एसएन ऑईल जुन्या गाडीला विष" असं म्हणणाऱ्याला डब्यावरचा ग्रेड विचारा. पाचपैकी चार वेळा तो ५डब्ल्यू-३०बद्दल वाचलेलं २०डब्ल्यू-५० ला चिकटवत असतो.

अर्थात, मर्यादा नाही म्हणजे जास्त घातलेलंच आहे असंही नाही. एखादी कंपनी सगळ्या ग्रेडना एकच रसायन वापरू शकते. त्यासाठी पुढचा प्रश्न.

डब्यावरून झिंक किती आहे ते कसं कळणार?

डब्यावरून कळत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्या तेलाची डेटा शीट मिळते. काही कंपन्या त्यात झिंक आणि फॉस्फरस टक्क्यांत छापतात: ०.१० टक्के म्हणजे १००० पीपीएम. आकडे नसतील तर कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करून नेमका ग्रेड आणि श्रेणी सांगून विचारा. तेही जमलं नाही तर मोटरसायकल ऑईलची जासो एमए ही जपानी मानकाची खूण आधाराला घ्या. त्या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान असावाच लागतो. चारचाकीच्या चेंबरला (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याला) ते ऑईल महाग पडतं, पण तुलनेसाठी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सपाट टॅपिटच्या जुन्या इंजिनाला १००० ते १२०० पीपीएम फॉस्फरस म्हणजे आरामात पुरेसं.

मग बाटली घ्यावी की नाही? स्पष्ट सांगा.

चांगलं २०डब्ल्यू-५०, वर्षानुवर्षं चाललेलं, कंपनी स्प्रिंगांचं इंजिन, ऑईल वेळेवर बदलतं: बाटली नको. पैसे वाचवा, त्यातून ऑईल फिल्टर घ्या.

नवा किंवा ग्राइंड केलेला कॅम बसवला आहे, इंजिन नुकतंच बांधलं आहे, रॅलीसाठी कडक स्प्रिंगा टाकल्या आहेत, किंवा काही कारणाने पातळ आधुनिक ऑईलच वापरावं लागतंय: इथे झिंक वाढवायला खरं कारण आहे. तिथेही आधी जास्त झिंकचं तयार ऑईल शोधा. तयार ऑईलमध्ये बाकीची रसायनं त्या झिंकशी जुळवून घातलेली असतात. तेल साफ ठेवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे घटकही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मागत असतात. वरून बाटली ओतली की तो तोल कंपनीच्या हातातून आपल्या हातात येतो, आणि आपल्याकडे प्रयोगशाळा नसते.

घालायचंच ठरवलं तर किती?

गणित करा, "एक झाकण" हा मापदंड नव्हे.

समजा चेंबरमध्ये साडेतीन लिटर ऑईल बसतं (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा). वजन झालं साधारण ३ किलो. ऑईलमध्ये फॉस्फरस आहे ८०० पीपीएम, तुम्हाला हवा ११००. म्हणजे ३०० पीपीएम वाढवायचा. किलोमागे ३०० मिलिग्रॅम, तीन किलोला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम फॉस्फरस. बाटलीतल्या द्रवात फॉस्फरस २ टक्के असेल तर त्यासाठी ४५ ग्रॅम द्रव लागेल.

आता बाटलीवर टक्केवारी छापलेली आहे का बघा. नसेल तर ती बाटली दुकानात परत ठेवा. नुसतं "एक बाटली पाच लिटरला" यावरून ना सुरुवातीचा आकडा कळतो ना शेवटचा.

घालताना इंजिन गरम असावं, ऑईल नुकतंच बदललेलं असावं, आणि काडीवरची पातळी कमाल खुणेच्या वर जाऊ नये.

जास्त झालं तर बिघडतं का? झिंक चांगलं तर मग भरपूर घालू की.

बिघडतं. १४०० पीपीएमच्या पुढे फायदा वाढत नाही. २००० च्या आसपास गेलं तर उलटा परिणाम दिसायला लागतो: फॉस्फरस लोखंडाच्या कणांच्या सीमांवर हल्ला करतो, कॅमच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि खपल्या सुटतात. शिवाय झेडडीडीपी जळल्यावर राख होते. ऑईल पिणाऱ्या इंजिनात ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. आधीच १२०० पीपीएम असलेल्या ऑईलमध्ये, कुणाचं तरी ऐकून, आणखी एक बाटली रिकामी करणारे लोक या टोकाला सहज पोचतात.

नवीन इंजिन बांधलं आहे. पहिल्यांदा चालू करताना काय करायचं?

सपाट टॅपिटचा कॅम पहिल्या वीस मिनिटांत एकतर घडतो किंवा बिघडतो. झिंकचा सगळ्यात मोठा उपयोग याच वेळी आहे, आणि याच वेळी आपल्या गॅरेजांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

इंजिन बांधून झालं की ते संथ आयडलवर तासन्‌तास चालू ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. "सेट होऊ दे" म्हणतात. पिस्टन-बोअरचं जे व्हायचं ते होवो, कॅमसाठी ही पद्धत वाईट आहे. ब्लॉकमधल्या कॅमला तेल मिळतं ते बरंचसं क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून. आयडलवर शिंतोडे कमी आणि स्प्रिंगचा दाब मात्र कॅमच्या टोकावर पुरेपूर. नव्या कॅमला याहून वाईट स्थिती नाही.

त्याऐवजी असं करा. बांधतानाच कॅमच्या टोकांना आणि टॅपिटच्या तळांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट लावा. टॅपिट नवे किंवा तळ नव्याने घासलेले असावेत. जुन्या कॅमवर नवे टॅपिट चालून जातात, नव्या कॅमवर जुने टॅपिट कधीही नाही. मग चालू करण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग हे सगळं तयार ठेवा, म्हणजे सेल्फ मारत बसावं लागणार नाही. दहा-बारा वेळा नुसतं गरगरवलं की ती पेस्ट पुसली जाते. इंजिन पेटताच आरपीएम २००० ते २५०० मध्ये घ्या, तिथेच थोडा कमी-जास्त करत वीस मिनिटं ठेवा. तापमान चढायला लागलं तर बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा त्याच आरपीएमवर सुरू करा. आयडलवर सोडू नका.

या वीस मिनिटांसाठी जास्त झिंकचं ब्रेक-इन ऑईल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर चांगल्या २०डब्ल्यू-५० मध्ये वर सांगितलेल्या गणिताने झिंक वाढवा. वीस मिनिटांनंतर ऑईल आणि फिल्टर दोन्ही काढून टाका. त्यात काळं मॉली आणि लोखंडाचा चुरा असतो. मग नेहमीचं ऑईल.

रॉकर कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) काढून एक गोष्ट आवर्जून बघा: पुशरॉड फिरतायत का. प्रत्येक पुशरॉड हळूहळू स्वतःभोवती फिरताना दिसला पाहिजे. एखादा नुसताच वर-खाली होत असेल तर त्याच्या खालचं टॅपिट फिरत नाही. तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

कॅम ग्राइंड करून घेतला तर काय धोका?

पद्मिनी-अँबेसेडरचे नवे कॅम आता सहज मिळत नाहीत, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी ग्राइंड करून घेणं हा व्यवहारी मार्ग आहे आणि तिथले हात पक्के आहेत. धोका एवढाच की कॅमचा कडकपणा पृष्ठभागाच्या थोड्याच खोलीपर्यंत असतो. खूप घासला तर खालचा मऊ धातू उघडा पडतो. ग्राइंड झाल्यावर कडकपणा मोजून द्या आणि गरज असेल तर पुन्हा हार्डनिंग करा, हे आधीच बोलून ठेवा. मऊ कॅमला बाटली वाचवत नाही.

टॅपिटचा टकटक आवाज येतोय. झिंक घातल्यावर जाईल?

नाही. आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन टॅपिटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, सेट करा. सेट केल्यावर आवाज गेला आणि गॅप महिनोन्‌महिने तसाच राहिला तर काही झालेलं नाही. पण एकाच व्हॉल्व्हचा गॅप थोड्याच दिवसांत पुन्हा वाढत असेल तर तिथला कॅम किंवा टॅपिट झिजतंय. खात्री करायची तर रॉकर कव्हर काढून डायल गेज पुशरॉडवर लावा आणि इंजिन हाताने फिरवून प्रत्येकाची उचल मोजा. सगळे इनटेक एकमेकांच्या जवळ, सगळे एक्झॉस्ट एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. एखादा स्पष्टपणे मागे असेल तर तो कॅम घासलाय. गाडी चढाला दमणं आणि कार्ब्युरेटरमधून फट्‌फट्‌ येणं ही त्याचीच लक्षणं. गेलेला धातू झेडडीडीपी परत आणत नाही.

"झिंक घातल्यावर इंजिन स्मूथ झालं, मायलेज वाढलं" असं लोक सांगतात.

ऑईल नुकतंच बदललेलं असतं म्हणून तसं वाटतं. झेडडीडीपीचा थर झीज कमी करतो, घर्षण मात्र किंचित वाढवतोच. मायलेज वाढवण्याचा दावा करणारी झिंकची बाटली एकतर झिंकची नाही किंवा तिच्यावरचा मजकूर रसायनशास्त्राच्या माणसाने लिहिलेला नाही.

शिसंविरहित पेट्रोलसाठी जे घालतात ते हेच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. देशात शिसं घातलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये गादीचं काम करत असे. ते गेल्यावर मऊ सीट घासून व्हॉल्व्ह आत बसत जाण्याची भीती निर्माण झाली. त्यावरची ॲडिटिव्ह पेट्रोलच्या टाकीत जातात. झिंक जातं ऑईलमध्ये, कॅमसाठी. एकाची बाटली दुसऱ्याच्या जागी ओतू नका. सीटची खरी दुरुस्ती म्हणजे हेड काम निघेल तेव्हा कडक सीट बसवून घेणं.

गॅप वाढतोय की कमी होतोय यावरूनही दोन्ही आजार वेगळे ओळखता येतात. कॅम झिजला तर गॅप वाढतो. सीट खचली तर गॅप कमी होतो, आणि म्हणून आवाजही येत नाही. गाडी सीएनजीवर चालत असेल तर हा दुसरा आजार जास्त लक्ष ठेवण्यासारखा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांतल्या कित्येक सीएनजीवर होत्या, आणि अशा गाडीचं इंजिन किंवा हेड तुम्ही सुट्या भागांसाठी घेत असाल तर सीट आधी बघा.

डिझेलचं १५डब्ल्यू-४० पेट्रोल गाडीत टाकलं तर झिंक मिळेल?

मिळेल. सीआय-४ या एपीआयच्या डिझेल श्रेणीच्या तेलांवर फॉस्फरसची मर्यादा नाही. नंतरच्या सीजे-४ आणि सीके-४ मध्ये ०.१२ टक्के आहे, म्हणजे तीही पुरेशी. जुन्या जीपवाल्यांत ही युक्ती फार चालते, आणि डब्यावर सीआय-४ सोबत एसएल किंवा एसएम अशी पेट्रोलची श्रेणीही छापलेली असेल तर हरकत नाही. पण डिझेल ऑईलमध्ये साफ करणारे घटक जास्त असतात. साध्या एसएई ४० वर वर्षानुवर्षं चाललेल्या, आत गाळ साचलेल्या इंजिनात एकदम असं ऑईल टाकलं तर तो गाळ सुटून पंपाच्या जाळीवर जमू शकतो. तेव्हा आधी चेंबर उतरवून धुवा.

डिझेल जीपला हेच ऑईल लागतं आणि वरून काही घालायची गरज नाही.

मारुती ८०० ला घालू का?

गरज नाही. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरी इंजिनात कॅम हेडमध्ये आहे, रॉकर त्यावर घासतात खरे, पण स्प्रिंगा हलक्या आहेत. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑईल भरा. कन्व्हर्टर असेल तर झिंक वाढवणं म्हणजे त्याचं आयुष्य विनाकारण कमी करणं. हेच १९९५ नंतर मुंबईत विकल्या गेलेल्या, कन्व्हर्टर शाबूत असलेल्या पद्मिनीलाही लागू. असा कन्व्हर्टर आता क्वचितच जागेवर असतो, ते सोडा.

बुलेट, स्कूटर, मोटरसायकल?

कास्ट आयर्न बुलेटचे टॅपिट सपाट आहेत, आणि क्लचचं ऑईल प्रायमरी केसमध्ये वेगळं असतं. तिला २०डब्ल्यू-५० पुरतं. ज्या मोटरसायकलींत इंजिन आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडतात तिथे बाटली घालू नका. झिंकमुळे क्लच घसरत नाही, पण त्याच बाटलीत घर्षण कमी करणारी इतर द्रव्यं असतील तर घसरतो. जासो एमए ऑईलमध्ये लागेल तेवढं आधीच असतं.

टू-स्ट्रोक चेतक, येझदी, आरएक्स १००: यांच्यात कॅमच नाही. पेट्रोलबरोबर ऑईल जळून जातं आणि झिंकची राख प्लगवर बसते. अजिबात नको.

सिंथेटिक ऑईलमध्ये झिंक जास्त असतं का? आणि मॉलीची बाटली म्हणजे झिंकच ना?

दोन्हीचं उत्तर नाही. सिंथेटिक की मिनरल हा मूळ तेलाचा प्रश्न, झिंक वरून घातलेला घटक. सिंथेटिक ५डब्ल्यू-३० मध्ये ते कमी आणि मिनरल २०डब्ल्यू-५० मध्ये जास्त असू शकतं. मॉली म्हणजे मॉलिब्डेनमची संयुगं. ती घर्षण कमी करतात, झिंकची जागा घेत नाहीत.

गाडी महिन्यातून एखाद्या रविवारीच निघते. तिला जास्त झिंक लागेल?

तिला कोरडं ऑईल लागेल. फॉस्फेटचा थर धातूवर चिकटलेला राहतो, गाडी उभी राहिली म्हणून तो निघून जात नाही. उभ्या गाडीचा शत्रू ओल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या चेंबरमध्ये दमट हवा शिरते आणि कॅमवर गंजाचे ठिपके येतात. त्यांच्यावर टॅपिट घासलं की झीज सुरू. किलोमीटर झाले नसले तरी वर्षातून एकदा ऑईल बदला, शक्यतो पावसाळ्याआधी. बाहेर काढाल तेव्हा पाच मिनिटं उभ्याउभ्या घुरघुरवण्यापेक्षा अर्धा तास नीट चालवा, म्हणजे ऑईलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जाईल. खूप दिवसांनी सुरू करताना कॉइलची वायर काढून थोडं सेल्फ मारा, ऑईलचा दाब दिसला की वायर लावून चालू करा. (नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला हे करू नका, कारण वर आलंच आहे.)

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत १९६७ची मस्टँग चालवतो. तो म्हणतो झिंकशिवाय गाडी काढूच नको.

त्याच्या गाडीपुरतं त्याचं म्हणणं धरून चाला. त्या व्ही-८ मध्ये सपाट टॅपिट आहेत, स्प्रिंगा कडक आहेत, बऱ्याचदा मालकांनी कंपनीपेक्षा जास्त उचलणारा कॅम बसवलेला असतो, आणि तिकडे सहज मिळणारं ऑईल म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३०, ज्याला ती ८०० पीपीएमची मर्यादा लागू आहे. २००४ नंतर तिकडे नव्याने बांधलेल्या इंजिनांचे कॅम घासल्याच्या तक्रारी वाढल्या आणि झिंकच्या बाटल्यांचा बाजार तिथून उभा राहिला. त्या वेळी बाजारात आलेल्या हलक्या प्रतीच्या टॅपिटवरही बरेच इंजिन बिल्डर बोट ठेवतात, आणि मला ते पटतं. त्याची अडचण खरी आहे. तुमच्या पद्मिनीची ती नाही.

ऑईलची तपासणी करून घेता येते का?

येते. यंत्रांच्या तेलाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, कारखाने आणि ट्रकवाले त्यांचा नेहमी उपयोग करतात. ऑईल बदलताना गरम इंजिनातून, धार अर्धी ओसरल्यावर, स्वच्छ बाटलीत नमुना घ्या. अहवालात फॉस्फरस आणि झिंक किती उरलंय ते येतं, पण त्याहून कामाचा आकडा लोखंडाचा. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन वेळचे आकडे शेजारी ठेवा, प्रत्येक वेळी ऑईल किती किलोमीटर चाललं तेही लिहा. लोखंड चढत चाललं असेल तर रॉकर कव्हर काढायची वेळ झाली.

बनावट ऑईलही यातच पकडलं जातं. नामांकित कंपनीच्या डब्यात भरलेलं गाळीव जुनं ऑईल विकलं जातं, आणि त्यात झिंक किती याचा विचारच नको. सील तुटलेला, झाकण सैल, भाव अचानक स्वस्त असेल तर घेऊ नका. सुटं ऑईल तर नकोच.

उरलेली बाटली गिअरबॉक्समध्ये घालू का?

नको. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या ऑईलमध्ये दातांसाठी वेगळी रसायनं असतात, आणि जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा त्यातल्या फेरफारांना नाजूक असतात. झाकण घट्ट लावून बाटली सावलीत ठेवा. पुढच्या वेळी इंजिन बांधाल तेव्हा उपयोगी पडेल.